सीएलएल असताना वारंवार येणारी कणकण: घरी केव्हा थांबावे आणि केव्हा निघावे?

आचरे_पडवी | ६ जुलै, सायं. ७.१०

नमस्कार. मी एकोणसत्तर वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून मालवण तालुक्यात आचऱ्याजवळच्या एका वाडीत पत्नीसह राहतो. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या आढळल्या आणि पुढच्या तपासण्यांत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा सहसा संथ वाढणारा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. औषध अद्याप सुरू केलेले नाही. दर तीन महिन्यांनी मुंबईला जायचे, रक्त द्यायचे, डॉक्टरांनी मानेच्या व काखेतल्या गाठी आणि पाणथरी (प्लीहा) चाचपून पाहायची, आणि "आत्ता काही करायचे नाही, लक्ष ठेवू" हे ऐकून परत यायचे, असा क्रम आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न तापाविषयी आहे. फेब्रुवारीपासून दर अडीच-तीन आठवड्यांनी दिवेलागणीच्या सुमारास अंगात कसर येते. थर्मामीटर ९९.४ ते १००.२ यांच्या दरम्यान दाखवतो, तीन-चार संध्याकाळी असे होते आणि मग ताप आपोआप जातो. भूक चांगली आहे, वजन उतरलेले नाही, रात्री घाम येतो पण कपडे बदलावे लागतील इतका नाही. पत्नी मात्र तुळशीपुढे दिवा लावून आली की आधी माझ्या कपाळावर हात ठेवते आणि विचारते, "आज परत कसर इली काय?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते मला कळत नाही.

जवळच्या डॉक्टरांनी तापाची गोळी घेऊन विश्रांती घ्या असे सांगितले आहे. प्रत्येक कणकणीला रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठणे शक्य नाही, आणि एखादी कणकण अंगावर काढली व तीच नेमकी महत्त्वाची निघाली तर काय, ही धास्तीही जात नाही. आपल्यापैकी ज्यांनी हे घरात अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सुरंगी | ६ जुलै, रात्री ९.३५

गुरुजी, माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून सीएलएल आहे आणि आम्ही वेंगुर्ल्यात राहतो. आपण वर्णन केलेली कणकण आमच्या घरी इतक्या वेळा येऊन गेली आहे की तिची पावले ओळखीची झाली आहेत.

पहिल्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. या आजारात ज्या पेशी वाढतात त्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असल्या तरी रोगजंतूंशी लढण्याचे त्यांचे काम त्या करत नाहीत आणि शरीरात प्रतिपिंडेही, म्हणजे जंतूंना निकामी करणारी प्रथिनेही, कमी तयार होतात. त्यामुळे सीएलएलच्या रुग्णाला ताप आला की आधी संसर्ग शोधायचा, आजाराचा विचार त्यानंतर. आजारामुळेच ताप येतो असे म्हणण्यासाठी त्यांच्या शास्त्रात अटी आहेत: संसर्ग सापडत नसताना दोन आठवडे किंवा अधिक काळ १००.४ च्या वर ताप, महिनाभराहून जास्त दिवस रात्री अंथरूण भिजवणारा घाम, किंवा सहा महिन्यांत वजनात दहा टक्क्यांची घट. आपण लिहिलेल्यांपैकी एकही यात बसत नाही, हे वाचून मला तरी बरे वाटले.

एक विनंती आहे. ताप मोजण्याआधी गोळी घेऊ नका. गोळीने आकडा खाली येतो, पण कारण जागेवरच राहते, आणि डॉक्टरांना सांगायला आपल्या हाती काहीच उरत नाही.

रातांबा | ७ जुलै, सकाळी ८.०५

माझे मत थोडे वेगळे आहे. शंभराच्या आतबाहेरच्या तापाला इतके महत्त्व दिले की माणूस मनाने खचतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अशा कसरीला गुळवेलीचा काढा, सुंठ आणि पातळ पेज यांवरच भागवत आले आहेत. माझ्या मावशीलाही रक्ताचा दीर्घ आजार आहे आणि ती काढा नियमित घेते. गुरुजींनी करून पाहायला हरकत नाही असे वाटते.

खाडीकाठ | ७ जुलै, दुपारी १.२०

मी बावीस वर्षे शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून उपचारांविषयी बोलणार नाही. मात्र रक्ताचा अहवाल कसा वाचावा याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण मी रोज नातेवाइकांना अहवालातला चुकीचा आकडा पाहून घाबरताना आणि कधी कधी चुकीचाच आकडा पाहून निर्धास्त होताना पाहतो.

सीएलएलमध्ये एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा दिसतो, पण जंतुसंसर्गाला आधी सामोऱ्या जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी त्यात किती आहेत ते वेगळे काढावे लागते. समजा एकूण पेशी ४२,००० आहेत आणि न्यूट्रोफिल ४ टक्के आहेत. ४२,००० गुणिले ४ भागिले १०० म्हणजे १,६८० न्यूट्रोफिल झाल्या. ही संख्या फार खाली गेलेली नाही. परंतु एकूण पेशी तितक्याच असताना न्यूट्रोफिल एकच टक्का असतील, तर त्या ४२० भरतात. पाचशेच्या खाली गेलेल्या माणसाला १०१ ताप एकदा जरी आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ती तातडीची बाब असते आणि त्याला सकाळची वाट पाहता येत नाही. दोन्ही अहवालांत वरचा मोठा आकडा एकच आहे, हे लक्षात घ्यावे.

गुरुजी, आपला मागचा अहवाल काढून हा हिशेब करून पाहावा आणि उत्तर येथे लिहिले नाही तरी चालेल, पण स्वतःजवळ लिहून ठेवावे.

केवडा | ७ जुलै, दुपारी ३.५०

खाडीकाठ, हा हिशेब मला आजवर कोणी इतका सोपा करून सांगितला नव्हता. मनापासून आभार.

माझा आजार याच कुटुंबातला पण निराळा, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. रत्नागिरीत राहते, वय एक्केचाळीस, पाच वर्षांपासून इमॅटिनिबची गोळी रोज जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेते. ज्या फिलाडेल्फिया क्रोमोसोमवर, म्हणजे या आजारात पेशींत आढळणाऱ्या बदललेल्या गुणसूत्रावर, हे औषध बेतलेले आहे तो १९६० मध्ये सापडला आणि औषध २००१ मध्ये आले. माझ्या आजीच्या पिढीत कोणाला हा आजार झाला असता तर त्याला ही सोय नव्हती, म्हणून मी त्या गोळीला फार जपते.

याच कारणाने रातांबा यांच्या सूचनेशी मी सहमत नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वाद झाला, हेही खरे आहे. पण ज्यांच्या यकृतावर आधीच रोजच्या औषधाचा भार आहे, किंवा ज्यांची प्रतिकारशक्तीच बिघडलेली आहे, त्यांनी या वादाचा निकाल स्वतःच्या शरीरावर लावू नये. पॅरासिटामॉलसुद्धा माझ्या डॉक्टरांनी मोजूनच घ्यायला सांगितले आहे. अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन, प्लेटलेट कमी असण्याची शक्यता असलेल्या कोणीही न विचारता घेऊ नयेत.

आणखी एक. तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर आपण कोणती गोळी घेतो ते आधी सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके इमॅटिनिबचे रक्तातले प्रमाण वाढवतात आणि क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन ते फार खाली आणते. आणि ताप आला म्हणून मूळ गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. मी एकदा चार दिवस बंद ठेवली होती. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो.

रातांबा | ७ जुलै, रात्री ८.१५

केवडाताई, यकृताचा मुद्दा मला माहीत नव्हता. मावशीला आज फोन करून सांगितले की पुढच्या भेटीत काढ्याबद्दल डॉक्टरांना विचार आणि तोवर थांब. पेजेबद्दल मात्र माझा आग्रह कायम आहे.

सुरंगी | ७ जुलै, रात्री ८.४०

पेजेला या धाग्यावर कोणाचाच विरोध नसावा. सोबत भाजलेला पापड असला तर वडीलही ताप विसरतात.

चिरेबंदी | ८ जुलै, सकाळी ११.३०

हे लिहावे की नाही, असा विचार दोन दिवस करत होतो. माझी आई संगमेश्वर तालुक्यात गावी राहते, तिलाही सीएलएल आहे. दोन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत तिला ताप आला. सुरुवात अशीच, नव्याण्णव-शंभरवर. "तिला ल्युकेमिया आहे, त्यात अधूनमधून ताप यायचाच," असे आम्हीच म्हणू लागलो आणि ज्या दवाखान्यात नेले तिथेही तेच गृहीत धरले गेले. नऊ दिवस तापाच्या गोळ्यांवर गेले. ताप १०२ वर गेला, आई बोलताना मध्येच थांबू लागली, तेव्हा आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात हलवले.

तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड नेऊन डोक्यापासून पायापर्यंत तपासले. परकराच्या नाडीखाली, कमरेवर, वाटाण्याएवढी काळी खपली होती, भोवती लालसर कडे, आणि ती दुखत नव्हती म्हणून आईने कोणाला सांगितलीच नव्हती. तो स्क्रब टायफस होता. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला.

नऊ दिवस आम्ही सगळे आजाराच्या नावाकडे पाहत राहिलो, आईकडे कोणी पाहिलेच नाही. त्यामुळे गुरुजी, पत्नीला सांगा की कपाळावर हात ठेवण्याबरोबर काखा, जांघा, कंबर आणि कानामागचा भागही एकदा पाहावा.

खाडीकाठ | ८ जुलै, दुपारी २.१०

चिरेबंदी, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. आपल्या भागात ताप हा ऋतूप्रमाणे येतो, हे ल्युकेमियाच्या रुग्णांच्या घरी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. पावसाळ्यात मळ्यात चिखलणी सुरू झाली की आमच्याकडे लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, नमुने येऊ लागतात. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून जंतू आत जातो, आणि ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, तोवर माणूस शेत विसरलेला असतो. पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे या दोन खुणा महत्त्वाच्या. डेंग्यू व मलेरिया आहेतच. कापणीच्या सुमारास स्क्रब टायफस. जानेवारी ते मे या काळात दोडामार्ग आणि बांदा परिसरात माकडताप. २०१६ पासून तिथल्या काजूबागांत काम करणाऱ्यांना गोचीड चावून तो झालेला आहे.

यांपैकी कोणताही ताप सीएलएल असलेल्या माणसाला होऊ शकतो आणि त्याची सुरुवात कणकणीनेच होते. म्हणून डॉक्टरांना केवळ "ल्युकेमिया आहे" एवढे सांगून थांबू नये. शेतात, पाण्यात, बागेत किंवा गोठ्यात कधी गेलो होतो तेही सांगावे.

भरती_ओहोटी | ८ जुलै, सायं. ६.००

थर्मामीटर कोणता वापरावा? आमच्याकडे कपाळासमोर धरायचे यंत्र आहे आणि ते प्रत्येक वेळी निराळा आकडा दाखवते.

सुरंगी | ८ जुलै, सायं. ६.२५

पंख्याखाली, घामाने ओल्या कपाळावर ते यंत्र भरवशाचे नाही. जिभेखाली धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि एकच ठेवावा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. गरम चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबावे. आमच्या वडिलांचा "रोज साडेचारला येणारा ताप" हा चहाचा ताप आहे हे कळायला आम्हाला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मुंबईची तिकिटेही काढून झाली होती.

निवतीचा_दिवा | ९ जुलै, सकाळी ७.४५

मोजण्यालाही मर्यादा असावी, असे मला अनुभवाने वाटते. माझे यजमान निदानानंतर दिवसातून पंधरा-वीस वेळा ताप मोजत. ९८.८ आले की जेवण सोडून देत. निरोगी माणसाचे तापमानही संध्याकाळी अर्धा-एक अंश वर जाते, हे त्यांना समजावून सांगावे लागले. शेवटी डॉक्टरांनीच सांगितले की बरे वाटत असताना मोजायचे नाही, कसर वाटली की मोजायचे, आणि मग सहा-सहा तासांनी. तेव्हापासून त्यांचे आणि माझेही जेवण वेळेवर होते.

आचरे_पडवी | ९ जुलै, रात्री ८.५०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. न्यूट्रोफिलचा हिशेब केला, २,१०० आल्या. चिरेबंदी यांचा मजकूर पत्नीला वाचून दाखवला आणि तिने त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात, वीज गेलेली असताना, माझी पूर्ण तपासणी केली. खपली कुठेही नाही.

एक कबुली द्यायला हवी. जूनमध्ये लावणीला मजूर मिळेनात म्हणून मी दोन दिवस अनवाणी मळ्यात उतरलो होतो. मुंबईच्या डॉक्टरांच्या सहायकांना फोनवर हे सांगितले. त्यांनी इथेच लेप्टोची तपासणी करून घ्यायला सांगितले, ती निर्दोष आली, आणि यापुढे गमबुटाशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही असे बजावले. मुलाने दुसऱ्याच दिवशी मालवणहून गमबूट आणून दिले. पावसापूर्वी आशाताई लेप्टो टाळण्यासाठी ज्या गोळ्या शेतकऱ्यांना वाटतात त्या मी घ्याव्यात का, हेही विचारून घेतले.

शाळेची एक कोरी हजेरीवही शिल्लक होती. तिच्यात रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, ताप, गोळी, आदल्या दोन आठवड्यांत कुठे गेलो, आणि आणखी काय वाटले. शेवटचा रकाना पत्नी भरणार आहे, कारण मला काय होते ते माझ्यापेक्षा तिला आधी कळते.

केवडा | १० जुलै, सकाळी १०.१५

गुरुजी, फोनवर विचारता येते हेच मोठे साधन आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: आजाराचे नाव, शेवटचे रक्तातले आकडे, कोणत्या तापाला लगेच दाखल करायचे, आणि कोणाला फोन करायचा. तो कागद इथल्या डॉक्टरांना दाखवला की त्यांनाही निर्णय घेणे सोपे जाते. माझा कागद पाकिटात आधारकार्डाच्या मागे असतो.

आणि निघावे लागले तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला व सोबत्याला उपचारांच्या प्रवासासाठी सवलत आहे, रुग्णालयातून त्यासाठी ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र मिळते. अनेकांना हे ठाऊक नसते.

चिरेबंदी | १० जुलै, दुपारी १२.४०

त्याच कागदावर हेही लिहून घ्यावे की थंडी वाजून हुडहुडी भरणे, धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे, लघवी कमी होणे किंवा अंगावर जांभळे डाग उठणे यांपैकी काही झाले तर आकडा ९९ असला तरी निघायचे. वयस्कर माणसाला संसर्ग मोठा असूनही ताप फारसा चढत नाही, हे आम्ही आईच्या वेळी शिकलो. आणि पहिला टप्पा मुंबई नसतो, जे जवळ आणि चालू आहे ते रुग्णालय असते.

आचरे_पडवी | २४ ऑगस्ट, सायं. ५.३०

धागा वर आणत आहे, कारण ज्यांनी वेळ देऊन लिहिले त्यांना पुढे काय झाले ते सांगणे माझे काम आहे.

जुलैत दोनदा कसर आली. दुसऱ्या वेळेस १००.६ पर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशीही टिकली, म्हणून ठरल्याप्रमाणे फोन केला व तारखेच्या आठ दिवस आधीच मुंबईला गेलो. डॉक्टरांनी अहवालांआधी हजेरीवही मागून घेतली. माझ्या रकान्यांवरून त्यांनी बोट भराभर फिरवले, आणि पत्नीच्या रकान्यावर ते थांबले. तिथे सहा संध्याकाळींपैकी पाच संध्याकाळी तिने लिहिले होते: "उजवा गाल जड, उजव्या बाजूने चावत नाहीत." मी हे एकदाही कोणाला सांगितले नव्हते, कारण दाढेचा आणि ल्युकेमियाचा संबंध असेल असे मला वाटलेच नव्हते.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूच्या वरच्या दाढेच्या मुळाशी पू आणि तिच्या वरच्या सायनसमध्ये संसर्ग दिसला. तो थोडा दबायचा आणि पुन्हा डोके वर काढायचा. प्रतिपिंडांची तपासणीही केली. आयजीजी, म्हणजे रक्तातले मुख्य प्रतिपिंड, ४१० आले, म्हणजे बरेच कमी. प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा उपचार असतो, पण मोठे संसर्ग वारंवार झालेले नसल्याने तो सध्या लागणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्लेटलेट पाहून, आधी प्रतिजैविक देऊन, दाढ काढली. गाठी व पाणथरी आहेत तशाच आहेत आणि सीएलएलवरचे औषध अजूनही सुरू करायचे नाही.

दाढ काढल्याला साडेतीन आठवडे झाले. या काळात कसर आलेली नाही. एवढ्यावरून ती गेली असे मी म्हणणार नाही; वही चालू आहे.

सुरंगी | २४ ऑगस्ट, सायं. ६.०५

गुरुजी, काकूंना आमचा नमस्कार सांगा. त्यांचा रकाना मी उद्यापासून वडिलांच्या वहीत आखते आहे. लसींबद्दल काही सांगितले का? गणपतीत घर भरेल, त्याआधी विचारते.

आचरे_पडवी | २४ ऑगस्ट, रात्री ९.००

हो. न्यूमोनियाची लस तिथेच दिली आणि फ्लूची दरवर्षी घ्यायला सांगितली. नागिणीची लस पुढच्या भेटीत ठरवणार आहेत. जिवंत जंतूंची कोणतीही लस मला चालणार नाही, हे कागदावर लाल अक्षरांत लिहून दिले आहे. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी, कारण माझ्या शरीराला लशीचा प्रतिसाद कमी मिळण्याची शक्यता आहे, असेही ते म्हणाले. मुलगा आणि सून उद्या कणकवलीला जाऊन घेणार आहेत. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने गणपतीला यंदा अंगणातूनच नमस्कार करावा, असे पत्नीने मुंबईच्या भावांना आत्ताच फोन करून कळवले आहे.